वॉर्डातलं तीर्थ

डॉक्टर आशालतांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि लॅबचा रिपोर्ट सॅन्ड्रा सिस्टरच्या पुढ्यात ठेवला. सॅन्ड्राने तो वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. चार वर्षांच्या आर्याच्या लघवीत झोपेच्या गोळीचा अंश सापडला होता. वसईतल्या त्या छोट्याशा बालरुग्णालयात ही गोळी तिला कुणीही लिहून दिलेली नव्हती.

"मॅडम, माझ्या हातून नाही गेली," सॅन्ड्रा म्हणाली. "कपाट उघडून बघा. असली गोळी आपण ठेवतच नाही."

"तुझ्यावर संशय असता तर तुला बोलावून दाखवलं नसतं. बस."

आर्या गेला पावसाळाभर सारखी आजारी पडत होती. चालताना झोकांड्या खायची, जेवता जेवता पेंगायची, हाका मारल्या तरी डोळे उघडायची नाही. मेंदूचा फोटो झाला, फिटची तपासणी झाली, सगळं चांगलं निघालं. चार दिवसांत पोर टुणटुणीत होऊन घरी जायची आणि पुन्हा यायची. या खेपेला मात्र वॉर्डात असतानाच तिची मान पडली, आणि आशालतांना इतके दिवस टाळलेली तपासणी करावी लागली. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत अशी गोळी दिसत नाही. काय शोधायचं ते लॅबला नाव घेऊन सांगावं लागतं. गोळीचं नाव घ्यायला त्यांची हरकत नव्हती. त्यामागून माणसाचं नाव येणार, त्याची त्यांना भीती वाटत होती.

कारण आर्याच्या उशाशी सदानकदा एकच माणूस असायचं, तिची आई. फुलपाड्याची ही स्वप्ना साऱ्या वॉर्डाची लाडकी होती. शेजारच्या खाटेवरचं मूल रडलं की ही उठायची. सलाईन संपत आल्याचं सिस्टरच्या आधी हिला कळायचं. "आई असावी तर अशी," असं खुद्द आशालताच राउंडला चारचौघांत म्हणाल्या होत्या. आता त्या वाक्याची त्यांना लाज वाटत होती.

"आपल्या औषधांखेरीज तिच्या पोटात काय गेलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. दूध, खिचडी, पाणी, सगळं मी लिहिते." सॅन्ड्रा थांबली. "तीर्थ तेवढं नाही लिहीत."

"कसलं तीर्थ?"

"आगाशीच्या देवळातलं. आर्याची आजी बाटलीत भरून देते, तिचे पप्पा घेऊन येतात. सकाळी चमचाभर. स्वप्ना देवाचं नाव घेऊन पाजते, तेव्हा मी तिकडे बघतसुद्धा नाही, मॅडम. आमच्या घरी कुणी प्रार्थनेला बसलं की आम्ही मध्ये बोलत नाही, तसंच. मला ते खाण्यापिण्यातलं वाटलंच नाही."

आशालता तिला काय बोलणार? तीर्थ पाजून होईपर्यंत राउंड थांबवून त्या स्वतःच दाराशी उभ्या राहत असत.

सासूबाईंना गोळीशिवाय झोप येत नाही, हे मागे स्वप्नानेच त्यांना सांगितलं होतं. म्हणजे ज्या घरात बाटली भरली जात होती, त्याच घरात गोळ्या होत्या. तिथून बाटली मुलाच्या हातात, मग सुनेच्या हातात. रिपोर्ट गोळीचं नाव सांगून मोकळा झाला होता. यातला हात कोणता, ते काही तो सांगत नव्हता. आशालतांनी बालकल्याण समितीला आणि पोलिसांना फोन लावला, जे सांगायचं ते सांगितलं आणि उठल्या. ती माणसं यायला वेळ होता. तीर्थाची वेळ मात्र झाली होती.

स्वप्ना खाटेच्या कडेला बसून ओढणीच्या टोकाने चमचा पुसत होती. बाटली मांडीवर होती. तिला यातलं काही ठाऊक नसावं, असं आशालतांना अगदी मनापासून वाटत होतं. ठाऊक नसेल तर निदान पोरीला आई तरी राहील.

"स्वप्ना, थांब," त्या म्हणाल्या. "आज आधी मला दे."

त्यांनी उजव्या हाताचा द्रोण केला, खाली डावा हात धरला. पिणार तर त्या नव्हत्याच. तिने न कचरता ओतावं, एवढंच त्यांना हवं होतं. तीर्थ मागणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही.

स्वप्नाला हसू आलं. "तुम्ही पण, मॅडम?"

तिने झाकण काढलं. तुळशीचा वास आला. चमचा भरून तिने पुढे केला आणि आशालतांना हायसं वाटलं. चमचा तळहाताच्या वर आला आणि तिथेच थांबला.

"मॅडम," स्वप्नाने काळजीने विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय ना तुम्ही?"

हा प्रश्न आशालता रोज आयांना विचारत असत, औषध लिहून देताना. तीर्थ तर माणसं अनशापोटीच घेतात.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग नको."

स्वप्नाने चमचा बाटलीत उपडा केला, एक थेंबही न सांडता. आशालतांनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही.

"बाटली दे," त्या म्हणाल्या.

खाटेवर आर्या सवयीने आ करून बसली होती. तीही उपाशीच होती.