चौथा सड

गायीच्या कासेचा मागचा उजवा भाग मावशीच्या हाताला आजही दगडासारखा टणक लागला. त्या बाजूच्या सडातून दुधाच्या गुठळ्या यायला लागून चार दिवस झाले होते. औषध चालू होतं, तरी सूज तसूभर हटत नव्हती.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी दुधाच्या तपासणीचा कागद वाचला. "मावशी, जंतू मेलेत."

"मग ही सूज काय माझी आहे? आणखी एक इंजेक्शन द्या!"

"आता त्याचा उपयोग नाही. जंतूंना मारायला गायीच्याच पांढऱ्या पेशी लाखोंनी कासेत उतरल्यात. त्यांच्यातून सुटणारा जहाल रस जंतू आणि दूध तयार करणारं मांस असा भेद करत नाही. चोर मेला, आता राखणदारच घर फोडताहेत. तो रस बाहेर पडावा म्हणून तर तो सड दर तीन तासांनी पिळून रिकामा करा म्हटलं होतं. करताय ना?"

हात लावला की गाय कळवळायची. मावशीला ते बघवेना, म्हणून दोन दिवस ती तीनच सड पिळत होती आणि चौथ्यावरून नुसता ओला फडका फिरवत होती.

"वाचेल का हो सड?"

"आता सांगता येत नाही."

मावशी बादली घेऊन बसली. चौथा सड पिळताच गायीनं लाथ झाडली, बादली कलंडली.

"मार बाई, मार," मावशी रडत म्हणाली, "तुझ्या राखणदारांनीच तुझं वाटोळं केलं." पण या वेळी तिनं सड सोडला नाही.