हाइलच्या भिंतीवरची दोन अंजिरं

मित्रांनो, मी एक जुना, टकला कुंचला आहे. हसू नका. एके काळी माझ्या डोक्यावर खारीच्या शेपटीचे असे झुपकेदार केस होते, की ती खार ते परत मागायला रोज खिडकीत येऊन बसायची. खोटं वाटतं? वाटू दे.

मला बांधलं पेणच्या तुकाराम मूर्तिकारांनी. माझं काम एकच, गणपतीचे डोळे उघडणं. सगळी मूर्ती रंगून झाली की शेवटी माझी पाळी. पुढे त्यांचा मुलगा शंकर सौदीत हाइलला रंगारी म्हणून गेला, तेव्हा मीही त्याच्या खिशात बसून गेलो.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात त्याच्या कफीलला, म्हणजे तिथल्या मालकाला, अबू फैसलना, इटलीतल्या एका जुन्या व्हिलाचं वेड लागलं. "माझ्या मजलिसच्या भिंतीवर, पाहुणे बसतात तिथे, तसंच उद्यान हवं," म्हणत ते शंकरला ती दाखवायलाच घेऊन गेले. काय तो थाट! बाहेर नजर पोचेल तिथवर हिरवळ आणि सरूची झाडं. आत भिंतींवर पुन्हा तीच झाडं, ओल्या गिलाव्यात रंग मुरवून काढलेली. बाहेरचं पाखरू आत येऊन भिंतीवरच्या फांदीवर बसायला गेलेलं मी स्वतः पाहिलं. आपटलं, ते वेगळं!

कोपऱ्यात एक हरीण होतं. गिलावा पडून त्याचा डोळा गेलेला. पेणच्या माणसाला बिनडोळ्यांचं चित्र बघवत नाही. शंकरचा हात आपसूक खिशात गेला, त्याने मला जिभेवर ओलं केलं, भिंत बोटभर उरली आणि राखणदार बाई किंचाळली. अबू फैसलनी त्याचं मनगट पकडलं.

"मजनून! वेडा आहेस का? तुरुंगात जायचंय? ऐक, माझ्या भिंतीवर फक्त झाडं. एक जरी जिवंत प्राणी रंगवलास तर सुट्टी खलास!"

सुट्टीवरच तर सारं होतं. पासपोर्ट कफीलच्या कपाटात, आणि पेणहून बापाचा फोन, "शंकऱ्या, माझा हात थरथरतो रे. सगळ्या मूर्ती रंगून उभ्या आहेत, पण आंधळ्या. चतुर्थीआधी ये."

हाइलला काम सुरू झालं. चिपळूणचा मोहियुद्दीन गिलावा चढवी आणि गरम वाऱ्याने तो वाळू नये म्हणून ओली गोणपाटं धरून उभा राही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे यायचे होते. शेवटचं झाड झालं. काम संपलं की डोळे, ही हाताची सवय! शंकरचं मन पेणला, आणि मी पानांच्या काळोखात टप्, टप्, दोन डोळे उघडून मोकळा.

"शंकर, काय केलंस रे मेल्या!" मोहियुद्दीन कुजबुजला. "पुसू नको, फरफटेल. रंग मुरलाय."

बाहेर गाडीचं दार वाजलं. शंकरच्या घामाचा थेंब माझ्यावर पडला. मग त्याने मला जांभळ्या रंगात बुडवलं. एकेका डोळ्याला गोलाई, वर देठ, बाजूला पान. मी इतका पळालो, की माझ्या दांड्यातून धूर निघाला!

अबू फैसल भिंतीसमोर थांबले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"त्या बागेत अंजिरं नव्हती."

"आपण गेलो तेव्हा पिकली नव्हती, शेख."

अबू फैसल पुन्हा दोन पावलं सरकले.

"कुठेही उभा राहिलो तरी ही अंजिरं माझ्याकडेच बघतात," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. "यल्ला, घरी जा! पासपोर्ट घेऊन जा!"

शंकर धावत सुटला. मी मात्र चुन्याच्या डब्यात तसाच राहिलो.

चतुर्थीला त्याचा फोन आला. "मोहियुद्दीनभाई, सगळ्यांचे डोळे उघडले. दुसऱ्या कुंचल्याने केलं. माझा कुठाय?"

चुन्याने माझे केस खाल्ले होते. मोहियुद्दीनने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आहे रे, जपून ठेवलाय."

माझ्यापेक्षा मोठी थाप मारणारा मला तेव्हा भेटला.

तर मित्रांनो, कितीही घाई असो, घर कितीही हाका मारत असो, काम झालं की कुंचला धुवा, आणि केस वर करून उभा ठेवा. पाण्याचा एक पेलाच तर लागतो.