नाक स्वतः आलं पाहिजे

"चष्मा तयार आहे, पण तुम्हाला देणार नाही," नाकमास्तर म्हणाले.

काउंटरपलीकडचे गृहस्थ बायकोचा चष्मा न्यायला आले होते. पावती त्यांनी दोनदा पुढे केली.

"अहो, तिचे गुडघे दुखतात. जिना उतरायला नको म्हणते. मी नेतो ना."

"तुमच्या नाकावर बसवायचा आहे का?"

"नाही."

"मग नाक स्वतः आलं पाहिजे. उद्या आणा, महिन्याने आणा, पण आणा."

गृहस्थ पुटपुटत निघून गेले. चाळीस वर्षांत मास्तरांनी एकही चष्मा दुसऱ्याच्या हाती पाठवला नव्हता. चाकावर काच घासायची, फ्रेमची काडी गरम वाळूत धरून वाकवायची, गिऱ्हाइकाला समोर बसवून नाकाचा चढ-उतार बोटांनी चाचपायचा आणि चष्मा असा बसवायचा की तो डोळ्यांवर आहे हे माणूस विसरून जावा. या कामामुळे अख्ख्या वस्तीने त्यांचं खरं नाव विसरून त्यांना नाकमास्तर करून टाकलं होतं. वरवर ते कुरकुरत, पण मनातून त्यांना ते आवडे.

सून कपाटातल्या फ्रेमा पुसत होती. तिचं लक्ष मात्र सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे होतं. चष्म्याच्या वर, नाकाच्या हाडावर लालभडक वळ उठला होता.

तीन महिन्यांपूर्वी भर दुपारी काच घासता घासता चाकावरच मास्तरांचा डोळा लागला होता. अंगठ्याला चार टाके पडले आणि काच फुटली. काच एका शिवणकाम करणाऱ्या बाईची होती. तिचं काम दोन दिवस अडलं, ते मास्तरांना अंगठ्यापेक्षा जास्त लागलं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली. झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, एका तासात चाळीस-चाळीस वेळा, आणि म्हणून रात्रभर झोपून हा माणूस दिवसभर पेंगतो, असं निदान झालं. मग मशीन आलं. नाकावर मास्क लावायचा आणि मशीन त्यातून हवा सोडत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. मास्क किती तास लावला ते मशीन लिहून ठेवतं. मास्क नीट बसला असेल तर सकाळी पडद्यावर हसरा चेहरा येतो, हवा गळली असेल तर रडका.

काच फुटली त्याच दिवशी सुनेने चाकाची वायर काढून आपल्या पर्समध्ये टाकली होती आणि तेव्हापासून काचा बाहेरून घासून येत होत्या. "सलग महिनाभर, रोज सहा तास," मशीन आल्यावर तिने बजावलं होतं. "मग चाक तुमचं." मुलाने बापाची बाजू घेतली नाही. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा, दुकानात त्याला रस नव्हता. सहा वर्षांपूर्वी सून घरात आली, तेव्हा तिला काच कोणत्या फडक्याने पुसायची हेही ठाऊक नव्हतं. शिकवलं मास्तरांनीच. नाकाचं काम मात्र अजून ते स्वतःकडे ठेवून होते. त्यांच्या फिरत्या स्टुलाची उंचीही त्यांच्याच मापाची होती. सुनेला कधी त्यावर बसायची वेळ आली, तर तिचे पाय लोंबकळत, म्हणून ती उभ्यानेच काम करी.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. सुनेने दार लोटलं.

"बाबा, त्या खुर्चीत बसा."

"कुठल्या?"

"गिऱ्हाइकाच्या."

मास्तर हसले. ती हसली नाही.

"नाकावर वळ आहे तुमच्या."

"घामाचा आहे."

"घामाचा वळ एवढा रुंद नसतो. वळ पडला तर चूक नाकाची नसते, असं तुम्हीच शिकवलंय मला."

मास्तर बसले. चाळीस वर्षांत त्या खुर्चीत ते पहिल्यांदाच बसत होते. ती इतकी बुटकी असेल, याची त्यांना कल्पना नव्हती. आरसाही भलतीकडेच होता.

"काल किती तास झाले?"

"एक तास चाळीस मिनिटं."

"आणि चेहरा?"

"रडका."

"मास्क निवडला कुणी?"

"मीच."

"दुकानात जाऊन?"

मास्तरांनी फ्रेमांच्या कपाटाकडे पाहिलं. "तुझ्या सासूबाईंना पाठवलं होतं. माप लिहून दिलं होतं की."

सुनेने हातातली मोजपट्टी खाली ठेवली. ती हसली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

"दोन गल्ल्या सोडून तर ते दुकान," ते हळूच म्हणाले. "सगळे ओळखतात मला. इतकी वर्षं मी लोकांची नाकं बघितली, आता तिथे जाऊन कुणापुढे माझं नाक करू?"

"आणि पट्टे कसे जुळवले?"

याचं उत्तर आणखी अवघड होतं. शोकेसमध्ये चष्मे मांडायला प्लास्टरचं एक डोकं होतं. मास्तरांनी ते घरी नेऊन त्याच्यावर मास्क चढवला होता, पट्टे नीट मोजून बांधले होते आणि मग जसाच्या तसा स्वतःच्या डोक्यावर घातला होता.

"ते डोकं श्वास घेत नाही, बाबा," सून म्हणाली. "आणि ते कधी आडवं झाल्याचंही मी पाहिलेलं नाही."

आता मात्र मास्तरांनाच हसू आलं. "डोळ्यात हवा जाते गं. सूं सूं करत राहते. म्हणून पट्टा आवळतो. आवळला की आणखी गळते. दोनच्या सुमाराला काढून फेकतो." ते थोडा वेळ टाके पडलेला अंगठा चोळत राहिले. "चाक मिळायचं नाही मला. चाकाशिवाय या दुकानात मी नुसती पाटी आहे."

सुनेने मोजपट्टी उचलली. त्यांचा चष्मा काढला, हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला. आधी नाकाच्या मुळाशी मोजलं, मग नाकपुड्यांपाशी, मग वरच्या ओठापर्यंत. मास्तर डोळे किलकिले करून बघत होते. पट्टी तिने अगदी त्यांच्यासारखीच, दोन बोटांत तिरकी धरली होती.

"नाक डावीकडे कललंय तुमचं."

"माहीत आहे. म्हणून तर चष्म्याचं एक पॅड जाड ठेवलंय मी."

"ते मास्कला कोण सांगणार?"

चार वाजता त्यांनी दुकान बंद केलं. कामाच्या दिवशी ते असं बंद झाल्याचं वस्तीला आठवत नव्हतं.

मशीनच्या दुकानातला विक्रेता लगबगीने पुढे आला. "या मास्तर, बसा." त्याने एक मास्क त्यांच्या नाकावर चढवला. "बघा, किती छान बसला."

"बसल्यावर छानच बसतो," सून म्हणाली. "पण हे झोपतात आडवे."

कोपऱ्यात पेशंटसाठी एक कॉट होती. मास्तर बुटांसकट त्यावर आडवे झाले. विक्रेत्याने मशीन लावून डॉक्टरांनी लिहिलेल्या दाबाची हवा सुरू केली आणि लगेच डाव्या डोळ्यापाशी सूं सूं सुरू झालं. त्याने पट्टा ओढायला हात घातला. सुनेने तो अडवला.

"ओढू नका. पट्ट्याने धरायचं असतं, दाबायचं नसतं."

मास्तरांनी छताकडे बघत ते ऐकलं. वाक्य त्यांचंच होतं, चष्म्याच्या काडीबद्दलचं. त्याचा असाही उपयोग होईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसरा मास्क एक माप मोठा होता, तो ओठावर घसरला. सुनेने विक्रेत्याला कपाटातले सगळे प्रकार काढायला लावले. त्याच्या नाकी नऊ आले. एकही ती न हाताळता पुढे जाऊ देत नव्हती. पाचवा तिने बोटांनी दाबून पाहिला. तो मऊ होता, नाकाला खालून कवेत घेणारा, हाडाला मुळीच न टेकणारा. तिने सगळे पट्टे सैल सोडले, तो मास्तरांच्या नाकाखाली ठेवला, हवा सुरू करून मास्कची गादी फुगू दिली आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे एकदम, थोडे थोडे करत आवळत आणले. पट्ट्याखाली बोट सहज जातंय ना, तेही पाहिलं.

"कुशीवर वळा. तोंड मिटलेलं राहू दे."

मास्तर भिंतीकडे वळले. आवाज नाही. दुसऱ्या कुशीवर वळले. तरी नाही.

"तसेच पडून राहा पंधरा मिनिटं. घाई नाही आपल्याला."

मास्तरांनी डोळे मिटले. नाकात हवा येत होती, पण नाकावर काही असल्यासारखं वाटत नव्हतं. ग्लानी यायला लागली, तेव्हा विक्रेत्याचा दबका आवाज कानी आला.

"ताई, तुम्ही दवाखान्यात काम करता का?"

"नाही. चष्म्याच्या दुकानात. यांच्या हाताखाली शिकले."

मास्तरांना उठून बसावंसं वाटलं. अभिमानाने छाती भरून आली. मशीनची हवा चालू होती म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून मास्क मास्तरांच्या नाकाखाली राहिला. पहिल्या आठवड्यात पाच तास झाले, मग सहा, मग सात. पडद्यावर रोज हसरा चेहरा. तक्रार फक्त बायकोची होती. "इतकी वर्षं घोरणं ऐकत झोपले. आता शांततेनेच जाग येते मला."

सहा तासांच्या तिसाव्या रात्रीनंतर सकाळी सुनेने पर्समधून वायर काढून मास्तरांच्या टेबलावर ठेवली. मास्तरांनी ती जोडली. चाक घरघरलं. पहिल्या काचेची कड त्यांनी चाकाला लावली आणि तासाभरात एकदाही जांभई दिली नाही.

मग दार उघडलं. ते गृहस्थ बायकोला हाताला धरून आत आणत होते.

"मास्तर, सव्वा महिना जुन्या चष्म्यावर काढला हिने. पण आणलं बघा नाक."

बाई हुश्श करत गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. मास्तरांनी चाक थांबवलं, हात पुसले आणि ते स्टुलापाशी गेले. पण ते बसले नाहीत. वाकून त्यांनी स्टुलाखालचा स्क्रू धरला. वर्षानुवर्षं तो फिरला नव्हता, कुरकुरला. मास्तरांनी जोर लावून चार वेढे दिले आणि स्टूल खाली आणलं.

"तुम्ही नाही बसवणार?" बाईंनी विचारलं.

"मी काचा करतो. नाकं आता ही बघते."

सून क्षणभर उभीच राहिली. मग तिने मोजपट्टी घेतली आणि ती स्टुलावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकतात का, तेवढं मास्तरांनी पाहून घेतलं आणि ते चाकाकडे परत गेले.