डाग गेला, मैदा राहिला

दाजींच्या बेकरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गावोगाव चमत्कार दाखवत फिरणाऱ्या साखरबाबाने ताज्या पावावर पिवळट थेंब टाकला आणि पाव काळानिळा पडला.

"हे विष. हेच रक्तात थिजतं, हेच पोटावर टायर होऊन बसतं," बाबा म्हणाला. त्याचं स्वतःचं पोट त्याच्या आधी दारातून आत आलं होतं, पण ते कोण बघतंय? मग त्याने मंतरलेलं पाणी शिंपडलं. डाग विरला. "विष जळालं. आता खा पोटभर."

पहिला पाव दाजींनीच उचलला. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. गेल्याच वर्षी हृदयाचा झटका येऊन गेलेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, मैदा बंद. डाळी, कडधान्यं, भाज्या खा, ज्यांची साखर रक्तात सावकाश उतरते. वजन घटेल, कोलेस्टेरॉलही. दाजी काही महिने नीट वागले, पट्टा दोन भोकं आत आला. पण जन्म पावाच्या वासात गेलेला. त्यांना पळवाट हवीच होती, ती बाबाने बाटलीत भरून दिली.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. माझं टाळकंच फिरलं. बाबा पुन्हा आला तेव्हा मी आयोडीन आणि लिंबू घेऊन गेले. आयोडीनचा थेंब टाकला, पाव काळा. लिंबू पिळलं, डाग गायब.

"आयोडीन पिठाला लागलं की काळं पडतं. क जीवनसत्त्वाने तो रंग उडतो. ते लिंबात आहे, बाबाच्या पाण्यात त्याचीच गोळी विरघळवलीय." मी त्याच जागी आणखी आयोडीन ओतलं. पाव पुन्हा काळा झाला. "विष जळालं होतं ना? मग हे काय?"

"बाईंची श्रद्धा कमी पडते," म्हणत बाबा मागच्या दाराने सटकला.

दाजींनी पिळलेलं लिंबू उचललं. "म्हणजे लिंबूही चालतं तर. उगाच बाबाच्या नादी लागलो."

"दाजी, रंग जातो. मैदा तसाच राहतो."

"मेहुणीबाई, तुम्हाला सगळं अवघड करून सांगायची सवय," दाजी म्हणाले. लोक हसले. त्या आठवड्यात बाजारात लिंबं मिळेनात.

काही महिन्यांनी दुसरा झटका आला आणि दाजी भट्टीसमोरच गेले. हातात अर्धा पाव, शेजारी पिळलेलं लिंबू. भेटायला आलेल्या एकाने मला हळूच विचारलं, "लिंबू कमी पिळलं असेल का हो?" मला रडायचंही सुचेना. त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार दिसला की एवढंच विचारा, नेमकं बदललं काय? डॉक्टरांच्या बेचव ताटाने दाजींचा पट्टा दोन भोकं आत आला होता. ते बघायला मात्र एकही माणूस जमला नव्हता.