न लावलेला दिवा

बाबा पुण्यात आयसीयूत होते आणि मी दिल्लीत, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये क्लासच्या मुलींकडून भूप घोटून घेत होते. रविवारी सोसायटीत त्यांचं पहिलंवहिलं गाणं होतं. "कार्यक्रम झाला की सोमवारी दोघं जाऊ," असं माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. धाकटा भाऊ श्रीरंग रोज फोनवर सांगायचा, "ताई, स्टेबल आहेत. क्लास बंद ठेवू नकोस, बाबांनाच आवडणार नाही." ते मात्र खरं होतं. मला सा लावायला बाबांनीच शिकवलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी श्रीरंगला म्हटलं, फोन जरा बाबांच्या कानाशी धर. मुली गायल्या. "डोळे मिटून ऐकलं त्यांनी," तो म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी मुलींना श्रीखंड खाऊ घातलं.

क्लासआधी देवापाशी दिवा लावायचं काम दिलीपचं. लग्न झाल्यापासून ते कधी चुकलं नव्हतं. शुक्रवारी तो म्हणाला, तेल संपलंय. शनिवारीही तेच. एवढा शिस्तीचा माणूस आणि साधं तेल आणवत नाही, म्हणून करवादतच मी स्वयंपाकघरात गेले. दिव्याच्या तेलाची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती.

दिलीप सुतक पाळत होता.

"कधी?" मी विचारलं.

"गुरुवारी रात्री." तो ओट्याकडे बघत होता. "श्रीरंगनं आणि मी मिळून ठरवलं. तू कोसळली असतीस गं. मुलींचा कार्यक्रम..."

"आणि अंत्यविधी?"

"काल सकाळी झाला."

विमानानं दोन तास लागतात. मला बाबांचा चेहरा बघता आला असता. तेवढंही या दोघांनी माझ्यासाठी ठेवलं नाही, आणि वर मुलींना फोनवर गाऊ दिलं.

"देवाला फसवायची भीती वाटली तुला," मी म्हणाले. "मला फसवायची नाही वाटली."

हॉलमध्ये मुली पेटीभोवती बसल्या होत्या. सगळ्यांत लहान तनया म्हणाली, "ताई, आज पण आजोबांना फोन लावूया ना? काल त्यांना कित्ती अच्छा लगा."

मागून दिलीप हळूच म्हणाला, "लहान आहेत गं. आत्ता नको सांगूस."

मी पेटी बंद केली.

"आजोबा गुरुवारीच गेले, तनया. काल आपण गायलो ना, तेव्हा तिकडे ऐकायला कुणीच नव्हतं."