लाल पुठ्ठ्याचं पुस्तक

“बाई, ते विहिरीचं गाणं तुमच्या पुस्तकात कितव्या पानावर हाय?”

शालूने एका दमात विचारून टाकलं आणि मागे वळून पाहिलं. कनातीच्या फटीतून तिची मैत्रीण ललिता आणि ललिताची धाकटी बहीण तोंडावर हात दाबून बघत होत्या. पैज त्यांचीच. इंदूबाई गाताना पुस्तक हातात धरतात, पानंही उलटतात, पण नजर कधी खाली नेत नाहीत. मग पान सापडतं कसं, हे कोडं ललिताला मूर्तिजापूरपासून छळत होतं. “तुह्यात दम असन तर इचार,” ती म्हणाली होती. आणि या उन्हाळ्यात शालूच्या दमाबद्दल कोणी शंका घेतलेली शालूला चालत नव्हती.

बुद्धपौर्णिमेची दुपार कलली होती. अमरावतीच्या मैदानावर धूळ बसावी म्हणून सडा पडत होता. स्टेजमागे सतरंजीवर इंदूबाई बशीत चहा ओतून फुंकत बसल्या होत्या, शेजारी पुंजाराम पेटीचा भाता तपासत होता. इंदूबाईंनी चहा संपवला, बशी पालथी घातली आणि पोरीकडे नीट पाहिलं.

हा शालूचा पाचवा कार्यक्रम. चौदा एप्रिलला अकोल्यापासून सुरुवात झाली. मग बाळापूर, मूर्तिजापूर, बडनेरा. गाण्याच्या पार्टीची तारीख मिळेल तशी गावोगाव भीमजयंती साजरी होत होती, आणि जिथं इंदूबाईंची पार्टी तिथं शालू, सोबतीला माय. बाबा, म्हणजे देवमन, रेल्वेत गँगमन. त्याचे वर्षाचे पास पोरीने दीड महिन्यात संपवले. मूर्तिजापुरात ऐन रंगात माइक बंद पडला, तेव्हा पहिल्या रांगेतून शालूनेच धृपद उचललं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं. इंदूबाईंनी हाताला धरून तिला वर घेतलं. घरी परतल्यावर तिने सांगून टाकलं, जूनपासून शाळा बंद, मी बाईच्या पार्टीत. मायने तव्यावरची भाकर जळू दिली. बाबा म्हणाला, “बाई घेतो म्हनन तं पाहू.” बाई नाही म्हणेल, एवढीच त्याची आशा.

तेव्हा आज तिला दोन गोष्टी विचारायच्या होत्या. पैजेची सोपी, म्हणून ती आधी विचारली.

“पुंजाराम,” इंदूबाई म्हणाल्या, “जरा पान घेऊन ये. आन् त्या पोट्ट्याईले तिथून हाकल.”

पुंजाराम एकदा शालूकडे, एकदा बाईंकडे बघून उठला. कनातीची फट मिटली. इंदूबाईंनी पिशवीतून लाल पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं आणि शालूच्या मांडीवर ठेवलं.

“तूच सांग, कितव्या पानावर हाय.”

शालूने पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर नकाशा. पुढच्या पानावर नद्या, मग काळी जमीन, मग कापूस आणि ज्वारी. कडेला कोणा लेकराने शिसपेन्सिलीने बदक काढलेलं. तिने भराभर पानं उलटली, शेवटपर्यंत गेली, मग मागून पुढे आली. मिटून पुठ्ठा पाहिला. तोच होता, कोपऱ्यात तेलाचा डाग असलेला. अकोल्याला पेट्रोमॅक्सच्या उजेडात तिने तो डागसुद्धा पाठ केला होता.

“बाई, हा तं तिसरीचा भूगोल हाय.”

“असन.”

“असन म्हंजे?”

“मले का मालूम. बाजारातून घेतलं. पुठ्ठा मजबूत होता.”

शालूला हसू येणार होतं. बाई हसत नव्हत्या. अकोल्याला चार हजार माणसं बसलेली. लेकीच्या हाती पाटी द्या, असं या बाईने हात उंच करून म्हटलं, तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते, मायनेही. हाच हात. आता तो सतरंजीवरचा चहाचा थेंब बोटाने पुसत होता.

“तुमाले वाचता...”

“नाही येत.”

“सही?”

“अंगठा.”

शालूने पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं, मग ते जमिनीवर ठेवू नये असं वाटून पुन्हा उचललं.

“मंग हे काहून धरता?”

“पयल्या साली बिनपुस्तकाची उभी राहिलो. बाई उभी राहिली म्हंजे नाचनारच, असं लोकाईले वाटे. शिट्ट्या मारत. एकानं तं चिल्लर फेकली, इथं लागली.” त्यांनी भुवईला हात लावला. “दुसऱ्या दिवशी हे घेतलं. हातात पुस्तक पाह्यलं आन् पयल्या रांगेतले मानसं नीट मांडी घालून बसले. तवापासून एक शिट्टी नाही. शिकेल बाई झालो मी, रातोरात. आता खाली ठेवू कसं, तूच सांग.”

बाहेर कोणीतरी माइकमध्ये फुंकर मारत होतं.

“तुह्या वहीत काय हाय वं?”

“तुमचे गाणे. आयकून लिवले.”

“विहिरीचं दाखव.”

शालूने पान काढलं. इंदूबाईंनी हात पदराला पुसले, तळवा वहीवर ठेवला, मग एक एक बोट उचलून खालचं पाहिलं.

“हे सगळं? एवढ्याशा जागेत मावलं?”

“हो.”

“याच्यात पानी कुठं हाय?”

शालूने बोट ठेवलं. मग दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या, आणि कडव्याच्या शेवटी. इंदूबाई वाकल्या. त्यांचं बोट कागदावरून हळूहळू सरकलं आणि सातव्या ओळीत थांबलं.

“हे बी तेच दिसते.”

“तेच हाय,” शालू म्हणाली.

इंदूबाईंनी ते बोट बराच वेळ उचललं नाही. मग ताठ बसत म्हणाल्या, “पुंजाराम सांगे, तुले पार्टीत याचं हाय. ये. गळा हाय तुले. आन् गान्याचा कागद वाचाले बी कोनी पायजे. इतके दिवस पुंजाराम वाचे, त्याले आता डोयानं कमी दिसते.”

जे मागायला ती आली होती, ते असं सहज समोर पडलं. शालूने हो म्हटलं नाही.

“बाई, पावसाळ्यात तुमी कुठं राहता?”

“मोर्शीले. भावाच्या घरी. चार महिने भावजयीच्या तोंडाकडं पाहत.”

शालू वहीतल्या ‘पाणी’वर बोट ठेवून पुढे सरकली आणि हलक्या आवाजात बोलू लागली. पुंजाराम पान घेऊन आला, तोवर बाईंनी दोनदा मान हलवून नकार दिला होता आणि तिसऱ्यांदा हलवली नव्हती.

बाहेर ललिता वाट पाहत होती. “काय वं, कितव्या पानावर?”

“बेचाळीस,” शालू म्हणाली. “पाह्यलं म्या. भल्लं बारीक अक्षर हाय.”

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. शालू पहिल्या रांगेत बसली नाही. इंदूबाईंनी पुस्तक उघडलं आणि मैदान गप झालं. शालूने गाणं ऐकलंच नाही, ती फक्त त्यांचं पान उलटणं पाहत होती.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला घरी माय चुलीपाशी होती आणि बाबा ड्युटीवर जायला बूट चढवत होता.

“काय म्हने तुही बाई?” त्याने वर न बघता विचारलं.

“घेतो म्हनली.”

नाडी ओढता ओढता त्याचा हात थांबला.

“मी जात नाही. शाळा नाही सोडत मी. मॅट्रिक करतो.” माय काही बोलायच्या आत शालूने पुढचं उरकलं. “आन् पावसाळाभर इंदूबाई आपल्या घरी राहतीन. पडवीत. मी कबूल करून आलो.”

माय पीठ लागलेल्या हातांनी उभीच राहिली. “एवढी शिकेल बाई? आपल्या पडवीत? काहून वं?”

शालूने मायकडे पाहिलं, मग बाबाकडे.

“मले गानं शिकवाले,” ती म्हणाली. “रोज, शाळा सुटल्यावर.”