न कापलेली प्रत

इतिहास घडवणारी माणसं जगात दोनच प्रकारची असतात. एक, रणांगणावर उभी राहणारी. आणि दुसरी, त्यांना तिथं पाठवून स्वतः मागं थांबणारी. उरलेल्या मानवजातीनं फक्त त्यांच्यावरची पुस्तकं जपून ठेवायची असतात.

हा विचार सेनापतींनी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून, उजवा हात किंचित उंचावून मांडला. डाव्या हातात कचऱ्याचा डबा होता.

"गाडी निघाली खाली," वरून बायको म्हणाली. "मानवजातीचं मागाहून बघा."

सेनापती धावले. गाडी गेली होती. भरला डबा घेऊन ते परत वर आले आणि व्यवस्थित माघार हीसुद्धा एक लष्करी कारवाईच असते, हे त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. तिनं डबा मोरीत ठेवायला लावला.

सेनापती हे त्यांचं नाव नव्हे, आणि हुद्दा तर नव्हेच. सगळी नोकरी त्यांनी वीजकंपनीच्या तक्रार-खिडकीमागं काढली. रस्त्यात ट्रकचा टायर फुटला तरी ते शेजारच्याचा दंड धरायचे. पण घराची मागची खोली युद्धांवरच्या जुन्या पुस्तकांनी छतापर्यंत भरलेली. वेढे, चढाया, तह, तोफखान्याच्या नियमपुस्तिका, आणि हरलेल्या सेनानींनी आपण खरं तर हरलोच नव्हतो हे पटवण्यासाठी लिहिलेले जाडजूड ग्रंथ. मेव्हण्यानं एकदा थट्टेत 'सेनापती' म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांनीही ते झटकायची घाई केली नाही.

बायको शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. मागच्या खोलीबद्दल तिची तक्रार नव्हती, निरीक्षण होतं. "एवढी माणसं मेली," ती म्हणायची, "आणि सगळी आमच्याकडेच राहायला आली."

या छंदात सेनापतींना जगात एकच माणूस समजून घेई, आणि तोच त्यांचा प्रतिस्पर्धी होता. दातांचे डॉक्टर. डॉक्टर राष्ट्राध्यक्ष जमवायचे. कुठल्याही देशाचा, कुठल्याही काळातला, निवडून आलेला, लादलेला, पळून गेलेला. राष्ट्राध्यक्षाचं पुस्तक म्हटलं की डॉक्टर पेशंटचं तोंड उघडं ठेवून फोनवर बोलायला जात.

दोघं दर शनिवारी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात भेटत; दुकानदाराला सगळे मामा म्हणत. दुकान इतकं अरुंद की पोट आत घेतल्याशिवाय आत जाता येत नसे. सुरुवातीला एकाच पुस्तकाला दोघांनी दोन टोकांनी धरल्याचे प्रसंग घडले, आणि एका नौदलपतीच्या चरित्राचा कणाच निखळला. तेव्हा मामांनी दोघांत तह घडवून आणला. युद्ध सेनापतींचं, राष्ट्राध्यक्ष डॉक्टरांचे. पुढं बारीकसारीक वाटाघाटी झाल्या. पाणबुड्या सेनापतींकडे गेल्या, त्या बदल्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉक्टरांना मिळाल्या. गोळी लागून मेलेल्या राष्ट्राध्यक्षांवर सेनापतींनी बंदुकीच्या आधारे हक्क सांगून पाहिला. पण एका गोळीला युद्ध म्हणता येत नाही, असं मामांनी ठरवलं. तह वर्षानुवर्षं टिकला. शनिवारी खरेदी उरकली की दोघं दुकानाबाहेरच्या बाकावर बसून आपापला माल एकमेकांना दाखवत आणि एकमेकांच्या मालाला नावं ठेवत. सेनापतींचा आठवडा या बाकासाठीच उजाडायचा. अर्थात हे ते कधी बोलले नसते.

आणि मग ते पुस्तक आलं.

एका सेनानीचं आत्मचरित्र. हा सेनानी पुढं आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला होता. त्याच्या कारकिर्दीनंतर तो देश नकाशावर राहिला नाही, त्यामुळं पुस्तकाच्या प्रतीही फारशा राहिल्या नव्हत्या. मामांनी ते कापडातून काढून टेबलावर ठेवलं तेव्हा दोघांचेही हात एकदम पुढं आले आणि एकदमच मागं गेले. प्रत न कापलेली होती.

पूर्वी छापलेला मोठा कागद घड्या घालून तसाच बांधत. पानांच्या कडा एकमेकींना जोडलेल्या राहत, वाचणाऱ्यानं सुरीनं त्या कापत जायचं. कडा अजून जोडलेल्याच आहेत याचा अर्थ पुस्तक जन्मल्यापासून कुणी वाचलेलं नाही. अशा प्रतीसाठी संग्राहक जीव टाकतात. ती कापली की ती नुसतं पुस्तक होऊन बसते.

"सेनानी आहे," सेनापती म्हणाले. "म्हणजे माझा."

"राष्ट्राध्यक्ष आहे," डॉक्टर म्हणाले. "वरची पदवी धरतात. मी दातांचा डॉक्टर आहे, म्हणून मला कुणी 'बारावी पास' म्हणतं का?"

"आत युद्ध जास्त असेल तर?"

"आणि कारभार जास्त असेल तर?"

मामांनी सुचवलं, ज्याची पानं जास्त त्याचं पुस्तक. दोघांना ते न्याय्य वाटलं. अनुक्रमणिका सुट्या पानावर होती, ती वाचली. प्रकरणांची नावं होती: 'वादळाचे दिवस', 'विश्वासू सोबती', 'मोठं नुकसान', 'पुन्हा उभारणी'. यातून काहीच कळेना. राष्ट्राध्यक्षालाही वादळं असतात.

पान कापून बघायचं नव्हतं. तेव्हा डॉक्टर दवाखान्यात जाऊन दाढा बघायचा आरसा आणि टॉर्च घेऊन आले. जोडलेल्या पानांच्या पोकळीत त्यांनी आरसा हळूच सरकवला, एक डोळा मिटला आणि सवयीनं म्हणाले, "आ करा."

"काय दिसतंय?" सेनापती त्यांच्या खांद्यावरून वाकले.

"हलू नका. उलटं वाचायचंय. 'अंडी'."

"काय?"

"अंडी लिहिलंय. 'रोज ताजी अंडी'."

"रसद!" सेनापती ओरडले. "सैन्य पोटावर चालतं. हे मोहिमेचं प्रकरण आहे."

"राष्ट्राध्यक्षांच्या घरची न्याहारी," डॉक्टर आरशातून डोळा न काढता म्हणाले. "बाहेरचे पाहुणे आलेत. शेजारी 'कुंपण' दिसतंय. म्हणजे सरहद्दीचा प्रश्न निघालाय."

"कुंपण म्हणजे तटबंदी!"

"अहो, तुम्हाला काय कळतंय तटबंदीतलं? आयुष्यात एक तरी लढाई केलीत का?"

हे डॉक्टरांनी बोलायला नको होतं. सेनापती ताठ झाले. "आणि तुम्ही? एक तरी निवडणूक?"

"सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभा होतो मी."

"उभे होतात. मग पडलात."

डॉक्टर त्या निवडणुकीत कसे पडले होते ते मामांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांना पडलेल्या मोजक्या मतांत सेनापतींचं मत होतं की नाही, हा प्रश्न त्यांनी आजवर मोठ्या मनानं विचारला नव्हता. आज त्यांनी नुसतं सेनापतींकडे पाहिलं, आरसा खिशात घातला, पोट आत घेतलं आणि ते निघून गेले.

पुस्तक कुणाकडे ठेवायचं? मामा म्हणाले, माझ्याकडे नको, दोघंही रोज येऊन डोकं खाल. शेवटी त्यांनी डॉक्टरांना फोन केला, आणि पुस्तक सेनापतींच्या बायकोच्या ताब्यात राहील, असं ठरलं. डॉक्टरांनी लगेच होकार दिला. वहिनींची निष्पक्षता सर्वमान्य होती. दोघांबद्दलही त्यांचं मत सारखंच होतं.

"हे जपून ठेव," सेनापतींनी घरी सांगितलं. "मलासुद्धा द्यायचं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि पुस्तक कपाटात ठेवून तिनं किल्ली कमरेला लावली.

पुढच्या शनिवारी सेनापती बाकावर एकटेच बसले. त्यांना एका वेढ्याचा दुर्मिळ नकाशा मिळाला होता. दाखवायला कुणी नव्हतं. मामांना दाखवला तर मामा "छान" म्हणाले. या छंदात "छान" इतका अपमान दुसरा नाही. डॉक्टर असते तर "डाग पडलाय" म्हणाले असते. त्याच्या पुढच्या शनिवारी ते गेलेच नाहीत. आणि नेमकी तेव्हाच त्यांची डावीकडची दाढ दुखू लागली.

ते उजवीकडून चावू लागले. मग चावायचंच सोडून दिलं. बोलतानाही तोंड कमी उघडत, त्यामुळं घरात इतिहासाची चर्चा थांबली आणि बायकोला काळजी वाटू लागली.

"डॉक्टरांकडे जा."

"शत्रूच्या गोटात?"

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे जा."

सेनापती दुखावले. "दुसऱ्याकडे? इतकी वर्षं दाखवून?"

"म्हणजे भांडायचंही त्याच माणसाशी आणि दाढही त्याच माणसाला."

"तू गणितवाली. तुला नाही कळायचं."

गालाला सूज आली तेव्हा तिनं न विचारता फोन लावला. संध्याकाळी डॉक्टर आले. कोरड्या आवाजात "वहिनी, पेशंट कुठंय?" म्हणाले, बाहेरच्या खोलीत सेनापतींना खुर्चीत बसवलं आणि खिशातून तोच आरसा काढला.

"आ."

सेनापतींनी आ केला. डॉक्टर वाकले. आता सेनापतींना काही बोलता येणार नव्हतं, हे ओळखून डॉक्टर बोलले.

"त्या शनिवारी मी जास्त बोललो. लढाई न करणं हा काही दोष नाही. उलट, उपकारच आहेत तुमचे."

"आआ," सेनापती म्हणाले.

"आणि मतदानाचं मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही."

"आआआ!" सेनापतींनी जोरजोरानं मान हलवली. त्यात होकार होता की नकार, हे आरशातून कळेना; पण डॉक्टरांनी तो होकार धरला आणि त्यांचा चेहरा निवळला.

"कीड आहे," ते जवळजवळ आनंदानं म्हणाले. "उद्या या. आधी तो वेढ्याचा नकाशा दाखवा. मामा म्हणत होते, छान आहे."

"छान!" सेनापतींनी तोंड मिटलं आणि कुत्सितपणे हसून घेतलं. दुखलं, तरी हसले. दोघं उठून आतल्या खोलीत गेले आणि दारातच थबकले.

बायको पलंगावर तक्क्याला टेकून बसली होती. मांडीवर ते पुस्तक. शेजारी भाजी कापायची सुरी. कडांचा बारीक कागदी भुसा चादरीवर पडलेला.

"वहिनी!" डॉक्टरांचा हात छातीवर गेला.

"अगं, हे काय केलंस?" सेनापतींनी दाराची चौकट धरली. "जगात अशा किती प्रती असतील, कल्पना आहे का?"

"पानं चिकटलेली होती. सोडवली."

"जपून ठेव म्हणालो होतो ना मी?"

"जपूनच कापली. वाचू नको असं म्हणाला होतात का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तहात ते कलम राहून गेलं होतं. वाचण्याची शक्यता कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

हानी झाली ती झाली. डॉक्टर पुस्तकाकडे वाकले. "निदान निकाल तरी सांगा, वहिनी. युद्ध किती पानं?"

"दीड."

"दीड?" सेनापती म्हणाले.

"ताप होता त्याला. तंबूत पडून होता. उठला तेव्हा त्याचं सैन्य जिंकलं होतं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर विजयाची छटा उमटली. "म्हणजे राष्ट्राध्यक्षपद—"

"त्याचं एकच पान. म्हणतो, खुर्ची टोचायची."

"मग एवढ्या जाड पुस्तकात आहे तरी काय?"

"कोंबड्या," ती पान उलटत म्हणाली. "निवृत्त झाल्यावर पाळल्या त्यानं. वादळात खुराडं उडालं, ते मोठं नुकसान. आता पुन्हा बांधतोय. फार चांगलं लिहिलंय."

मग सेनापती घसा खाकरून म्हणाले, "डॉक्टर, विचार करता मला वाटतं, हे पुस्तक तुमचंच."

"छे, छे. तो मुळात सैनिक. तुमचा हक्क मी नाकारलाच नव्हता."

"वरची पदवी धरतात, तुम्हीच म्हणालात."

"एका पानावर कुणी राष्ट्राध्यक्ष होतो का?"

असं बरंच चाललं. अखेर डॉक्टर पलंगाच्या कडेला टेकले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "खुराड्याचं पुढं काय झालं?"

"थांबा, तिथंच आलेय."

सेनापतींना हा क्षण मोठा वाटला. दोन सत्ता एका छताखाली आल्या होत्या. ते खोलीच्या मधोमध उभे राहिले, सुजलेल्या गालासकट मान उंचावली आणि गंभीर आवाजात बोलू लागले, "आजपासून हे पुस्तक ना युद्धाचं, ना राष्ट्राध्यक्षांचं. आपल्या दोघांच्या इतिहासात प्रथमच एक सामायिक प्रदेश—"

"अहो," बायको पानांवर तळहात दाबून धरत म्हणाली, "उभेच आहात तर पंखा जरा कमी करा. पानं उडतायत."